उजव्या भिंतीवरची फाईल

"कोर्टाचा कागद आणून दाखवते, मग बोला," असं ती सासूबाईंना तावातावाने म्हणाली खरी, पण तो कागद कुठे मिळतो, कोणाकडे मागायचा, मागितला तर देतात का, यातलं तिला ओ की ठो माहीत नव्हतं. रागाच्या भरात माणूस बोलून जातो आणि मग मागे फिरायची चोरी होते. तिचं तसंच झालं.

भांडण झालं होतं पाच महिन्यांच्या बाळावरून. तिची आई जिन्यावरून पडली, पाय मोडला, एकटीला राहणं जमेना, म्हणून तिने आईला आपल्या घरी आणलं. मागची खोली रिकामी करून दिली. सासूबाई वाईट नव्हत्या हे आधीच सांगितलेलं बरं. विहीणबाईंचं प्लॅस्टर, औषधं, गरम पाणी, सगळं त्यांनी निगुतीने केलं. पण नवऱ्याची एक लांबची मावशी आली आणि चहा पिता पिता काडी लावून गेली. म्हणे, तुमची विहीण पूर्वी पाळणाघरात कामाला होती ना, तिच्या हातून एक मूल गेलं. जेलमध्ये होती ती. तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?

कोणी सांगितलं नव्हतं. सुनेनेही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्या दिवशी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला मी कधी नाही म्हणणार नाही. जन्मभर राहू दे. पण बाळ त्यांच्या हातात द्यायचं नाही. कोर्टाने निर्दोष सोडलं असेल तर तसा कागद असेल ना? तो दाखव, मी पाया पडून माफी मागते." दोघींच्या मध्ये पडायची नवऱ्याची छाती कधीच नव्हती.

तेव्हापासून घरात कोणी काही बोलायचं नाही, पण सगळ्यांना सगळं दिसायचं. बाळ पुढच्या खोलीत चटईवर पडलेलं असायचं आणि आई मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. मधे सात-आठ पावलांचं अंतर. एकदा बाळ कुशीवर वळलं, पुन्हा वळलं, आणि गडगडत आईच्या खुर्चीपाशी पोचलं. आईने पाय वर उचलून घेतले. मोडलेला सुद्धा. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने शर्टाच्या कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ती तिथे कॉलर लावायची. सुपरवायझर म्हणाला, "आत्ताच तर बाळंतपणाहून आलीस!" ती म्हणाली, "कोर्टात काम आहे." कोर्टाचं नाव काढल्यावर त्याने अर्जावर सही केली.

रेकॉर्ड रूम कोर्टाच्या इमारतीत सगळ्यात खाली, मागच्या अंगाला. खिडकीला लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, आणि वर पाटी: जुनी दप्तरे पाहण्याची वेळ मंगळवार व शुक्रवार, अकरा ते एक. आत नाकाला रुमाल बांधलेला एक काटकुळा माणूस. सगळं कोर्ट त्याला दप्तरकाका म्हणायचं. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"केस नंबर?"

"नंबर नाही माहीत."

"मग काय माहीत आहे?"

"आईचं नाव. आणि साल. बावीस वर्षं झाली."

"साल दाखल झाल्याचं की निकालाचं?"

"तेही नाही माहीत." काकांनी कपाळावर हात मारला. "बाई, इथे दाखल तारखेवर काहीच मिळत नाही. आम्ही निकालाच्या महिन्यावर बांधतो. एखादी केस दहा वर्षं चालली, तर ती दहा वर्षांनंतरच्या बस्त्यात सापडणार. निकालाचा महिना घेऊन या."

"कंप्युटरवर बघा ना."

"कंप्युटरला गेल्या बारा वर्षांच्या मागचं काही विचारू नका. लाजतो तो."

पहिला दिवस असा गेला. हात हलवत परत. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. रात्रभर डोकं चालवलं आणि आठवलं, की आई जेलमध्ये असताना तिला बालगृहात ठेवलं होतं. आई सुटली त्याच दिवशी तिला न्यायला आली होती, हे तिने आईच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं. बालगृह अजून होतं. तिथल्या बाईंनी वही काढली आणि दाखला लिहून दिला: अमुक तारखेस मुलीस आईच्या ताब्यात दिले. वय वर्षे चार. झाला की निकालाचा महिना! शुक्रवारी तिने तो दाखला जाळीतून आत सरकवला, तेव्हा काकांनी पहिल्यांदा रुमाल खाली केला आणि म्हणाले, "वा! वकिलांना सुद्धा हे सुचत नाही."

तरी काम झालं नाहीच. केस आईची, मागणारी ती. काका म्हणाले, आरोपी हयात असेल तर तिचं अधिकारपत्र लागेल, सही तिचीच हवी.

त्या संध्याकाळी तिने आईपुढे कागद आणि पेन ठेवलं. आईने कागद हातात घेऊन पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाली, "कशाला उकरून काढतेस गं? झालं गेलं. मी लांब बसते, मला काही त्रास नाही."

"मला आहे," ती म्हणाली. "तू काही केलेलं नाहीस हे मला माहीत आहे. यांनाही कळू दे. एकदाच कळू दे, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील."

आईने मान वर केली. पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, सही केली. टोपण लावून पेन मुलीकडे सरकवलं.

पुढच्या मंगळवारी काकांनी खरोखरच मनावर घेतलं. एका जाडजूड वहीत बोट फिरवत ते त्या महिन्यापाशी आले. खालपर्यंत उतरले. पुन्हा वरून खाली. तिचा जीव बोटाबरोबर खालीवर होत होता.

"नाही," काका म्हणाले.

"असं कसं नाही? तेव्हाच सुटली ती."

"अहो, ही लढवलेल्या केसेसची वही. साक्षीपुरावे झाले, वकील भांडले, निकालपत्र लिहिलं, अशा केसेस ही डावी भिंत." त्यांनी मागे हात केला. छतापर्यंत कपाटं आणि कपाटांत लाल कापडात बांधलेले बस्ते. "उजव्या भिंतीवर दुसऱ्या. कबुलीच्या. विनातिकीट, दारू पिऊन दंगा, दिवा नसलेली गाडी. आला, हो म्हणाला, दंड भरला, गेला. पान-दोन पानांच्या फायली, पन्नास पन्नास एकत्र शिवलेल्या. त्यात तुमचं काय असणार?"

"मग कुठे असणार?"

"थांबा, आत बघतो. कधी कधी वहीत चढवायचं राहून जातं."

ते आत गेले. ती जाळीला कपाळ लावून उभी. डाव्या भिंतीपाशी शिडी लावल्याचा, बस्ते ओढल्याचा, खोकल्याचा आवाज येत राहिला. अर्धा तास झाला. मग शिडी फरशीवरून ओढत पलीकडे नेल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

काका बाहेर आले ते हात पुसत. रुमाल पुन्हा नाकावर चढवलेला. तिच्याकडे न बघता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नाही मिळत, बाई."

"सगळीकडे बघितलंत?"

"सगळीकडे. जुनं दप्तर आहे. वाळवी लागते, पाणी शिरतं. असं करा, मी तुम्हाला दाखला देतो. 'अभिलेख उपलब्ध नाही' असा. शिक्का मारून देतो, वरच्या साहेबांची सही आणून देतो. घरी दाखवायला तेवढं बास होईल."

"उपलब्ध नाही म्हणजे निर्दोष का?"

"निर्दोष नाही. पण दोषी असंही नाही. बाई, माझं ऐका. हा दाखला घ्या."

इतक्या आर्जवाने तो माणूस कोणाशी बोलत नसेल. पण माणसाचं डोकं एकदा फिरलं की समोरच्याच्या भलेपणाचाही वास यायला लागतो. तिला वाटलं, फाईल आहे. ह्याला मिळालीये. चेहरा सांगतोय. आता हा अडवणार, फेऱ्या मारायला लावणार आणि शेवटी चहापाण्याचं काढणार. तिने सरळ विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे ते स्पष्ट सांगा ना!"

काकांनी रुमाल काढला. चेहरा उतरला होता. "मला काही नको," ते म्हणाले. "तुमचं बाळ केवढं आहे?"

"त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

आणि ती ताडताड जिना चढून वर अधीक्षिकाबाईंकडे गेली. तिथे तिने तक्रार लिहून दिली. तुमचा माणूस फाईल दडवतो, असं लिहिलं. अधीक्षिकाबाईंनी चष्मा सारखा केला, फोन उचलला, खाली चार शब्द सुनावले आणि तिला म्हणाल्या, "शुक्रवारी या. फाईल टेबलावर असेल. पंचवीस वर्षं झाली त्याला इथे, असं कधी केलं नव्हतं त्याने."

शुक्रवारी ती बाळाला सासूबाईंकडे देऊन निघाली तेव्हा मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आज कागद येतोय."

त्या दिवशी काकांनी जाळीतून काही दिलं नाही. बाजूचं दार उघडून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि समोर शिवलेला जाड गठ्ठा ठेवला. गठ्ठ्याच्या मध्यात एक चिठ्ठी घातली होती. काका उजव्या भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. तेव्हाही तिच्या ध्यानात आलं नाही. ज्याला जे बघायचंच नसतं, ते त्याच्या नाकासमोर ठेवलं तरी दिसत नाही.

"इथेच वाचा," ते म्हणाले. "वाचून झाल्यावर नक्कल हवी की नको ते सांगा. नको म्हणालात तर मी तुमचा नकलेचा अर्ज फाडून टाकतो."

चिठ्ठीपाशी गठ्ठा उघडला. वरचं पान दारू पिऊन दंगा करणाऱ्याचं, आणि त्याखाली आईचं नाव. पहिली तीन पानं रोजनामा, म्हणजे कुठल्या तारखेला काय झालं त्याची टिपणं. पहिल्या तारखेला लिहिलं होतं: आरोपीस गुन्हा नाकबूल. तिने श्वास सोडला. मग तारखांमागून तारखा. साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. साहेब रजेवर, पुढील तारीख. आरोपीस वकील नाही, पुढील तारीख. जामीनदार नाही. साक्षीदार गैरहजर. चौदा महिने असेच. आणि मग शेवटच्या पानावर, घाईघाईत लिहिलेल्या अक्षरात:

'आरोपी आज स्वखुशीने गुन्हा कबूल करीत आहे. आरोपी सांगते की, मूल फार रडत होते म्हणून मी त्यास झोपेचे औषध दोन चमचे पाजले, पालथे निजविले व शेजारच्या खोलीत गेले. आरोपीस चार वर्षांची मुलगी असून ती बालगृहात आहे, ही बाब विचारात घेता आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा पुरेशी आहे. आरोपीची आजच सुटका करण्यात यावी.'

खाली सही. एकेक अक्षर सुटं काढलेली.

तिने ते तीनदा वाचलं. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "अशा पुष्कळ आहेत ह्या भिंतीवर. आत बसून तारखा मोजण्यापेक्षा हो म्हण आणि आज घरी जा, असं सांगणारे असतात ना. केलेलंही हो म्हणतात, न केलेलंही हो म्हणतात. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून सांगत होतो."

"मी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं," ती म्हणाली.

"ते जाऊ दे."

नक्कल नको म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. पण घरी सासूबाई वाट बघत होत्या, सगळ्यांना सांगून ती निघाली होती. आणि शेवटच्या ओळीवर, शिक्क्याच्या जरा वर, तिची नजर अडकली. तिने नक्कल घेतली.

बसमध्ये खिडकीशी बसून ती रडली. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं गं, तरी थांबेना. माझ्यासाठी! चौदा महिने नाही नाही म्हणत राहिली, आणि माझ्यासाठी हो म्हणाली. मी बालगृहात होते म्हणून खुनाचा शिक्का कपाळावर घेऊन आली, आणि मी तिच्याकडूनच सही घेऊन तो शिक्का उकरायला गेले. किती मूर्ख असावं माणसाने! तिला आईबद्दल इतकी माया दाटून आली, की उतरायचा थांबा गेलेलाही कळला नाही. मागे चालत येताना तिने ठरवून टाकलं. कागदाची घडी घातली, अशी की फक्त शेवटची ओळ आणि शिक्का वर राहील.

मधेच, रस्ता ओलांडताना, एक विचार येऊन गेला. दोन चमचे. हे कोणी शिकवलं असेल तिला सांगायला? पण समोरून गाडी येत होती, ती पटकन पलीकडे गेली.

घरी नवरा पण लवकर आला होता. सगळे पुढच्या खोलीत. आई आपल्या दारात. ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "निर्दोष सुटली. हे बघा." आणि घडी घातलेला कागद सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी शिक्का बघितला, अक्षर बघून तोंड वाकडं केलं. "काय हे गिचमिड! वाच रे तू." नवऱ्याने अडखळत वाचलं, "आरोपीची आजच सुटका करण्यात यावी." कागद उलगडायला त्याचा हात पुढे झाला, पण तिने तो काढून घेऊन पर्समध्ये टाकला होता. "कोर्टाचा कागद आहे, फाटेल," ती म्हणाली.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. चटईवरून बाळ उचललं, दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, चुकलं माझं. इतके दिवस तुम्हाला तोडलं. घ्या तुमच्या नातवाला."

आईने बाळाकडे बघितलं नाही. तिने मुलीकडे बघितलं. कागदावर काय लिहिलंय हे त्या घरात दोघींनाच माहीत होतं, आणि एक खोटं बोलली हे दुसरीला कळलं होतं. मग बाळ मांडीवर आलं आणि आईचा चेहरा असा काही उजळला, की तिला वाटलं, झालं. फेऱ्या, तक्रार, खोटं, सगळं भरून पावलं.

बाळाला दात येत होते, दिवसभर किरकिर चालली होती. आईने त्याला खांद्याशी धरलं, कानाशी काहीतरी पुटपुटली, पाठीवर थोपटलं. मग सवयीच्या हाताने फिरवून मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. दहा मिनिटांत किरकिर थांबली.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "मला तासभर नाचावं लागतं. काय हाताला गुण आहे हो तुमच्या! एका झटक्यात झोपलं."

ती स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभी होती. हात थांबले. लांबून बाळाची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. हालचाल दिसत नव्हती. तिने स्वतःला दटावलं. माझी आई आहे ती. माझ्यासाठी केलं तिने. भांडं पुसायला घेतलं. पुन्हा बघितलं. पाठ हलतेय की नाही? आईचा हात वरून फिरत होता, त्यामुळे कळत नव्हतं.

भांडं कुठे ठेवलं ते तिला नंतर आठवलं नाही. ती खोली ओलांडून गेली, वाकली, आईच्या गुडघ्याशी मान घालून बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. ऊन ऊन श्वास बोटाला लागला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा लागेपर्यंत तिने बोट काढलं नाही.

वर बघितलं तर आई तिच्याकडेच बघत होती. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चालू आहे," आई हळू आवाजात म्हणाली. आणि मग बाळाच्या दोन्ही काखांत हात घालून तिने ते उचललं. "घे."

"अहो, राहू द्या की!" सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे झोपलंय."

"नको. पाय अवघडलाय माझा," आई म्हणाली. "घे गं."

नाही म्हणायला, 'आई, तुझ्याकडेच असू दे' म्हणायला, तिला वेळ होता. तिने हात पुढे केले आणि बाळ घेतलं.